दुधाची किटली आणि कुदर्नाचे गुडघे

सोमवारी दुपारी गावातल्या चेक लोकांच्या सोकोल हॉलमध्ये जेवायला येणाऱ्या कुणालाही लँबर्ट कुदर्नाला काहीही विचारायची मुभा होती. प्लम क्रीकमधला हा रिवाज कॉलेजइतकाच जुना. शनिवारी सामना, रविवारी चर्च, आणि सोमवारी फुटबॉलच्या कोचने गावासमोर उभं राहून सामन्याची फिल्म दाखवायची. वाडग्यात खिमा आणि राजम्याची तिखट चिली, शेजारी दालचिनीचा गोड रोल. रोल चिलीत बुडवायचा आणि बुडवता बुडवता कोचचा समाचार घ्यायचा. जिंकला असेल तर तोंडी लावण्यापुरता, हरला असेल तर पोटभर.

कुदर्नाने ही हजेरी एकतीस हंगाम लावली. त्यातले पंधरा ड्वेन पोकॉर्नीने जवळून पाहिले. चार अंगात जर्सी घालून, उरलेले कोचच्या शेजारी मैदानाच्या कडेला उभं राहून. कोचबद्दल गावात सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींपैकी निम्म्या खोट्या आहेत असं ड्वेन म्हणतो. खऱ्या कोणत्या, हे विचारलं की मात्र त्याला सांगायला गावापेक्षा जास्त वेळ लागतो.

इथल्या फुटबॉलमध्ये पायाला काम थोडं. चेंडू काखेत दाबायचा आणि समोरच्या अकरा जणांच्या भिंतीतून पुढे घुसायचं, नाहीतर हवेतून लांब फेकून पलीकडे आपल्या माणसाने झेलायचा. फेकणं लोकांना आवडतं. कुदर्नाला आवडत नसे. "चेंडू हवेत असला की तो कुणाचाच नसतो," एवढंच तो म्हणायचा. त्याच्या मुलांनी सगळा हंगाम घुसायचं. चिखल असो, बर्फ असो, समोर डोंगराएवढी पोरं असोत.

ऐंशीच्या दशकात ट्रॅक्टरच्या धंद्यात गब्बर झालेल्या एका माजी विद्यार्थ्याने कॉलेजला नवा विजेचा गुणफलक देऊ केला. अट एक: कोचने दर सामन्यात निदान दहा वेळा चेंडू फेकायचा. कॉलेजच्या अध्यक्षांनी कुदर्नाला बोलावलं. कुदर्ना म्हणाला, ठीक आहे. पुढच्या शनिवारी त्याच्या पोरांनी पहिल्या दहा डावांत दहा वेळा चेंडू फेकला. दहाही वेळा तो देणगीदाराच्या खुर्चीसमोर मैदानाबाहेर जाऊन पडला. अकराव्या डावापासून घुसणं सुरू झालं. सामना त्यांनी जिंकला. अट शब्दशः पाळली गेली होती, त्यामुळे फलकही आला, आणि अजून तो तिथेच आहे.

कुदर्ना प्लम क्रीकपासून जवळच्याच एका शेतावर जन्मला. बाप एमिल, चेक शेतकरी, गाई आणि मका. लँबर्ट याच कॉलेजात शिकला, याच मैदानावर खेळला, मग शेजारच्या गावी शाळेत मुलांना मोटार चालवायला शिकवू लागला. कॉलेजने कोच म्हणून परत बोलावलं तेव्हा त्याच पगारात आरोग्यशास्त्राचा वर्ग, संघाची बस चालवणं आणि मैदानाचं गवत कापणं ही कामं आली. जर्सी धुण्याचं काम कुणाच्याच वाट्याला आलं नव्हतं, म्हणून ते त्याची बायको आर्लिसकडे आलं. एकदा एका मोठ्या विद्यापीठाने त्याला मदतनीस कोच म्हणून मुलाखतीला बोलावलं. सकाळी गेला, रात्रीच्या जेवणाला परत आला.

"काय झालं?" आर्लिसने विचारलं.

"त्यांनी विचारलं, दरवर्षी किती मुलं काढून टाकावी लागतील असं तुम्हाला वाटतं."

"मग?"

"मग मी कॉफी संपवली."

कुदर्नाने कधी कुणाला काढलं नाही. ऑगस्टच्या उन्हात जो येईल त्याला जर्सी. मुलं फार झाली की एकाच नंबराच्या दोन जर्सी असायच्या आणि पंच वैतागायचे. जाड, बुटके, चष्मेवाले, संगीत शिकणारे, सगळे. सगळ्यांना खेळायला मिळेच असं नाही. पण तू घरी जा, असं कुणाला ऐकावं लागलं नाही.

आणि त्याने कधी गुडघा टेकवला नाही.

हे नीट सांगायला हवं, कारण गावाचं सगळं भांडण याच गोष्टीवर होतं. सामना संपत आलाय, आपण पुढे आहोत, चेंडू आपल्याकडे आहे, घड्याळ पळतंय. अशा वेळी चेंडू हातात घेणाऱ्या मुलाने नुसता एक गुडघा जमिनीला टेकवायचा. डाव संपला. घड्याळ पळत राहतं, कुणी अंगावर येत नाही, सामना खिशात. नियमात बसतं. देशातला प्रत्येक कोच हेच करतो. कुदर्ना करत नसे. "आठवडाभर पोरांना पुढे जायला शिकवायचं आणि शेवटच्या मिनिटाला म्हणायचं, बसा. ते मला जमत नाही." आर्लिसचं म्हणणं याहून साधं होतं. "त्याच्या बापाचे गुडघेही असेच होते. चर्चमध्येसुद्धा शेवटी वाकायचे."

बरीच वर्षं यात कुणाचं काही बिघडलं नाही. मग अठ्ठ्याण्णव साल आलं, आणि किटली गेली.

किटली म्हणजे खरोखरच दुधाची किटली. पत्र्याची, कमरेएवढी, दोन कानांची. प्लम क्रीक आणि विनस्लो ही दोन्ही कॉलेजं एकाच दूधसंघाच्या शेतकऱ्यांनी उभी केली, आणि उभी करून झाल्यावर त्यांची आपसात जुंपली. तेव्हापासून दर नोव्हेंबरात या दोघांच्या सामन्यात जो जिंकेल त्याच्याकडे वर्षभर किटली. ती कुणी कुणाच्या हातात देत नाही. हरणाऱ्याने मैदानाच्या मधोमध ठेवायची आणि मागे वळून न बघता निघून जायचं. जिंकणाऱ्याने चालत येऊन उचलायची. समोरच्याला हरवल्याशिवाय न्यायची नाही, एवढाच नियम. सोमवारच्या आत तिला आपला रंग द्यायचा. प्लम क्रीकचा तांबडा, विनस्लोचा निळा. थरांवर थर चढून ती इतकी जाड झाली होती की झाकण केव्हाच बसेनासं झालं होतं.

त्या वर्षी प्लम क्रीक चार गुणांनी पुढे होतं. मिनिटाच्या आतला वेळ उरला होता. चेंडू आपला. एक गुडघा, की संपलं. कुदर्नाने हाक दिली, "चौतीस." चौतीस म्हणजे साध्यातला साधा डाव. चेंडू घ्यायचा आणि सरळ मधून घुसायचं. चेंडू ड्वेनला मिळाला. तो चौथ्या वर्षाला होता, कॉलेजचा सगळ्यात भरवशाचा घुसणारा. त्या वर्षभरात त्याच्या हातून चेंडू एकदाही सुटला नव्हता. भिंतीत शिरताना कुणाचं तरी हेल्मेट त्याच्या कोपरावर बसलं आणि चेंडू साबणासारखा सटकला. विनस्लोच्या एका पोराने तो उचलला आणि मोकळ्या मैदानात पळत सुटला. ड्वेन त्याच्या मागे धावला. फिल्ममध्ये तो आजही सतत मागेच आहे. पोरगा शेवटच्या रेघेपलीकडे पोचला, त्याचे सहा गुण. सामना गेला, किटली गेली.

सोमवारी सोकोल हॉल गच्च भरला. ड्वेन माफी मागायला म्हणून गेला होता, पण पुढे जायचं धाडस होईना. मागे कॉफीच्या मोठ्या भांड्याशेजारी उभा राहिला. कुदर्नाने फिल्म लावली. तो डाव वगळला नाही. एकदा दाखवला, पुन्हा एकदा दाखवला. दिवे लागले. विल्बर माटेयका उभा राहिला. हा बियाण्यांचा दुकानदार, कुदर्नाचा शाळेपासूनचा मित्र, आणि म्हणूनच सगळ्यात बोचरा.

"लँबर्ट, तुझे गुडघे बरे आहेत ना रे?"

हशा झाला.

"बरे आहेत."

"मग वाकत का नाहीत? माझ्याकडे वंगण आहे दुकानात."

"विल्बर, प्रश्न विचार."

"विचारतो. पुन्हा अशीच वेळ आली. मिनिट राहिलंय, आपण पुढे. काय करशील?"

"चौतीस."

"कुणाला देशील चेंडू?"

"पोकॉर्नीला."

हॉलमध्ये कुणीतरी शीळ घातली. विल्बर मान हलवत खाली बसला. ड्वेन मागच्या दाराने बाहेर पडला. आपली कीव केली जातेय की आपल्याला चारचौघांत पुन्हा उभं केलं जातंय, हे त्याला कळलं नाही. त्याला इतकंच हवं होतं की कोचने एकदा म्हणावं, माझं चुकलं, गुडघा टेकवायला हवा होता. म्हणजे चूक कोचची झाली असती. ड्वेन निव्वळ सटकलेल्या चेंडूशेजारचा माणूस राहिला असता.

कुदर्ना ते कधीच म्हणाला नाही. पुढच्या वर्षी विल्बरने तोच प्रश्न विचारला, तेच उत्तर मिळालं.

"अरे, पोकॉर्नी पास होऊन गेला. धान्याच्या कोठारावर कामाला आहे तो. खेळता येणार नाही त्याला."

"तरी पोकॉर्नीलाच."

दरवर्षी विनस्लोशी हरायचं, आणि दरवर्षी सोमवारी हे व्हायचं. गावाला त्याची सवय झाली. कोलाचे, म्हणजे मुरंबा भरलेले गोड पाव, आणणाऱ्या बायकासुद्धा उत्तर कोचच्या बरोबरीने पुटपुटायच्या. कॉलेजच्या अध्यक्षांनी एकदा कुदर्नाला बाजूला घेऊन सुचवलं की एवढं एक वाक्य बोलून टाका, लोक शांत होतील. कुदर्ना म्हणाला, "लोक शांत झाले तर सोमवारी जेवायला कोण येईल?"

ड्वेन गाव सोडून गेला नाही. कोठारावर दिवसपाळी करायचा आणि दुपारी मैदानावर यायचा, फुकट. कुदर्नाने एक शिट्टी त्याच्या गळ्यात घातली आणि घुसणारी मुलं त्याच्याकडे सोपवली. ड्वेनच्या मुलांना चेंडू सगळीकडे बरोबर न्यावा लागे. वर्गात, खानावळीत, संडासात. वाटेत कुणीही थप्पड मारून तो पाडला तर मैदानाला फेऱ्या. गावातल्या म्हाताऱ्या बायकाही पर्सने फटका मारून बघायच्या. सामन्यात कोचच्या हाका मुलांपर्यंत पोचवायचं कामही ड्वेनचं. कोच म्हणाला चौतीस, की ड्वेनने हात उंच करून तीन बोटं आणि मग चार बोटं. तीन आणि चार दाखवताना प्रत्येक वेळी तो सटकलेला चेंडू आठवतो, हे त्याने बायकोशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं.

*

किटली गेल्याला अकरावं वर्ष चालू असताना, ऑक्टोबरमध्ये कॉलेजने जाहीर केलं की मे महिन्यात आपण कायमचे बंद होतोय. मुलं येत नव्हती. आसपासची गावं रिकामी होत होती. आश्चर्य कुणालाच वाटलं नाही, पण त्या दिवशी गावात कुणी जोराने बोललं नाही. आठवड्याभरात फुटबॉलची निम्मी मुलं दुसऱ्या कॉलेजांकडे गेली. कुदर्नाने प्रत्येकासाठी तिकडच्या कोचला स्वतः फोन केला. अध्यक्ष डॉ. मार्गो व्हिटलॉक यांनी त्याला कचेरीत बोलावलं. तो ड्वेनला घेऊन गेला.

"कोच, तुमच्याकडे किती मुलं उरलीत?"

"पुरेशी आहेत."

"आकडा विचारतेय मी."

"सव्वीस. त्यातली बरीचशी चालू शकतात."

"विनस्लोकडे नव्वद आहेत."

"मैदानात अकराच सोडतात, मॅडम. बाकीचे पाणी पीत बसतात."

बाई हसल्या नाहीत. त्या वाईट नव्हत्या. बंद पडणाऱ्या कॉलेजात त्यांना तिसराच महिना होता, आणि रोज कुणाला तरी काहीतरी नाही म्हणावं लागत होतं. "मी उरलेले सगळे सामने रद्द करतेय. विनस्लोसुद्धा."

ड्वेनने कोचकडे पाहिलं. विनस्लोचा सामना झाला नाही तर किटलीवरचा निळा थर कायमचा. कॉलेज जाईल, मैदानावर कुणीतरी सोयाबीन लावील, आणि शंभर वर्षांनीही विनस्लोच्या कपाटात ती निळीच उभी असेल. तिच्यावरचा शेवटचा रंग कुणाचा, एवढंच आता ठरायचं बाकी होतं.

"बाकीचे करा," कुदर्ना म्हणाला. "विनस्लोच्या दिवशी दुपारी आम्ही मैदानावर असू. फाटकाला कुलूप लावलंत तर कुंपणावरून येऊ. मुलांना सवय आहे. मीच कितीदा पकडलंय त्यांना."

"आणि कुणाला लागलं तर? सव्वीस मुलं, कोच. दमलेल्या मुलांना लागतं."

यावर कुदर्ना थट्टा सोडून बोलला. "लागलं तर त्याला मी बाहेर काढीन. तो नको म्हणाला तरी. आणि अकरा उभे राहीनात, तर सामना मीच सोडून देईन. तुम्हाला फोन करावा लागणार नाही."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सोडून द्याल? तुम्ही?"

"गुडघा वेगळा, मॅडम. पोरं वेगळी."

फाटक उघडं राहिलं. कॉलेजने बाकी काही दिलं नाही. रुग्णवाहिका गावच्या अग्निशमनवाल्यांनी आणून उभी केली. मैदानावरच्या पांढऱ्या रेघा विल्बरने दुकानातला चुना आणून स्वतः मारल्या, आणि त्यातली एक वाकडी गेली. "लँबर्टच्या गुडघ्यापेक्षा बरी," तो म्हणाला. "निदान वाकली तरी."

*

सामन्याच्या दिवशी वारा उत्तरेचा होता. विनस्लोचे लोक किटली घेऊन आले आणि आपल्या बाजूच्या बाकावर ठेवली, निळी, चकचकीत. त्यांचा कोच रॉइस टीडमन हात मिळवायला आला. चांगला माणूस, कुदर्नापेक्षा वीस वर्षांनी लहान.

"कोच, तुम्ही खेळायलाच हवं असं काही नव्हतं. कुणी काही म्हटलं नसतं."

"म्हणूनच," कुदर्ना म्हणाला.

प्लम क्रीकने पहिल्या डावापासून घुसायला सुरुवात केली आणि थांबलंच नाही. विनस्लोला ठाऊक होतं काय येणार, आणि तेच येत होतं. एकेका वेळी तीन पावलं, चार पावलं. त्यामुळे घड्याळ पळत राहिलं आणि विनस्लोची बाकीची ताजी पोरं बाकावर बसून थंड पडत गेली. दुसऱ्या भागात प्लम क्रीकच्या पहिल्या घुसणाऱ्याचा घोटा मुरगळला. कुदर्नाने त्याला बाहेर काढलं. थोड्या वेळाने दुसऱ्याला भोवळ आल्यासारखं झालं. तो म्हणाला मी ठीक आहे. कुदर्नाने त्याचं हेल्मेट काढून घेतलं, आर्लिसच्या मांडीवर नेऊन ठेवलं, आणि हे माझ्याशिवाय कुणाला देऊ नकोस म्हणाला. उरला तिसरा, उलिसेस बारेरा. कत्तलखान्याच्या गावातून आलेला, बुटका, हिशेबशास्त्राचा विद्यार्थी. सबंध हंगामात त्याला चेंडू मोजून चार वेळा मिळाला होता. खानावळीत मात्र त्याच्या काखेतून तो कुणालाच पाडता आला नव्हता. ड्वेनने स्वतः ट्रे मारून बघितलं होतं.

शेवटाकडे प्लम क्रीक तीन गुणांनी पुढे होतं. चेंडू आपला. मिनिटाच्या आतला वेळ. विनस्लोने घड्याळ थांबवायची आपली शेवटची संधी वापरली आणि दोन्ही संघ पाणी प्यायला कडेला आले.

गर्दीला आधी कळलं. कुणीतरी वरून ओरडलं, "टेकव, लँबर्ट." मग दुसरा. मग प्रेक्षक बसले होते तो सगळा उतारच म्हणायला लागला. पाय आपटत, एका तालात. टेकव. टेकव. त्यात विल्बरचा आवाज वेगळा ओळखू येत होता.

कुदर्ना हात मागे बांधून उभा होता.

"कोच," ड्वेन म्हणाला.

"चौतीस."

"कोच, एक गुडघा. एकदाच. मग मैदान नाही, सामना नाही, काहीच नाही. कुणाला दाखवायचंय आता?"

"चौतीस, ड्वेन."

"बारेरा दमलाय."

"सगळेच दमलेत. ते पण."

ड्वेन त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. पंधरा वर्षांत त्याने हे कधी केलं नव्हतं. "मी मागतोय. बाकी कुणी नाही. माझ्यासाठी टेकवा."

कुदर्नाने त्याच्याकडे नीट पाहिलं. थंडीने त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते नेहमीच यायचं.

"तुझ्यासाठी तर नाहीच टेकवणार," तो म्हणाला.

पंचाची शिट्टी झाली. मुलं मैदानात गेली आणि वळून ड्वेनच्या हाताकडे बघू लागली. हाक त्याच्याच हातात होती. नुसता गुडघ्याला हात लावून दाखवला असता तरी पुरे होतं. मुलांनी टेकवला असता, गावाने त्याला खांद्यावर घेतलं असतं, आणि कोचला काही करता आलं नसतं. कुदर्ना त्याच्याकडे बघत नव्हता. तो मैदानाकडे बघत होता, जणू हाक केव्हाच पोचली आहे.

ड्वेनने हात वर केला. तीन बोटं. मग चार.

उतारावरून एकच हंबरडा आला. चेंडू बारेराला मिळाला. तो दोन्ही हातांनी पोटाशी धरून भिंतीत शिरला, जसं शिकवलं होतं तसं, आणि विनस्लोचे चार जण त्याच्यावर एकदम कोसळले. मग ढिगाच्या खालून चेंडू बाहेर आला. घाईत नाही, सावकाश. एखादा उंदीर गवताच्या गंजीतून बाहेर डोकावतो तसा. एक क्षण तो कुणाचाच नव्हता. विनस्लोचा एक पोरगा वाकला. त्याच वेळी प्लम क्रीकचा मधला गडी गेविन श्लेगेल, ज्याच्या नंबराची जर्सी दुसऱ्या कुणाला झाली नसती, त्याच्यावर आडवा पडला. सगळा. चेंडूवरही आणि त्या पोरावरही. पंचांनी एकेकाला ओढून बाजूला केलं. श्लेगेल उठायला तयार नव्हता. घड्याळ पळत होतं. ते शून्यावर आलं तेव्हाही तो पोटाखाली चेंडू घेऊन तसाच पालथा होता.

टीडमन किटली घेऊन स्वतः मैदानाच्या मधोमध आला. ठेवली. रिवाजाप्रमाणे निघून जायला हवं होतं, पण तो कुदर्नासाठी थांबला.

"कोच, तुम्ही वेडे आहात."

"असेन. वळून बघायचं नसतं, रॉइस."

*

रविवारी चर्च सुटल्यावर आर्लिसने कुदर्नाच्या अंगणात वर्तमानपत्रं अंथरली आणि किटलीला तांबडा रंग दिला. मुलांनी आळीपाळीने एकेक हात मारला. श्लेगेलने स्वतःच्या पँटलाही मारला.

सोमवारी सोकोल हॉलमध्ये उभं राहायला जागा नव्हती. किटली पुढच्या टेबलावर, रंग अजून चिकट. कुदर्नाने फिल्म लावली. शेवटचा डाव आला तेव्हा कुणी रोल चावत नव्हतं. चेंडू ढिगातून बाहेर आला. कुदर्नाने फिल्म मागे नेली आणि पुन्हा दाखवला. मग दिवे लावले.

विल्बर उठला. त्याचा घसा बसला होता. "लँबर्ट, सुटला होता की रे चेंडू."

"दिसला मला."

"परत सुटला. अकरा वर्षांनी तोच गाढवपणा, त्याच ठिकाणी. तो जाड्या नसता तर आज ही किटली कुठे असती?"

"विनस्लोला."

"हे कळतंय ना तुला?"

"प्रश्न विचार, विल्बर. चिली गार होतेय."

"विचारतो. पुन्हा अशीच वेळ आली..." इथे तो अडखळला, कारण पुन्हा वेळ येणार नव्हती, हे हॉलमधल्या सगळ्यांना ठाऊक होतं. पण मागे हटणं त्यालाही जमत नसे. "आली असं धर. काय करशील?"

"चौतीस."

बायकांचे ओठ हलले. पुढचं नाव सगळ्यांना पाठ होतं.

"कुणाला देशील?"

"बारेराला," कुदर्ना म्हणाला.

ड्वेन पुढच्या रांगेत बसला होता. त्याने मान वळवून मागे पाहिलं. दाराजवळ, कॉफीच्या मोठ्या भांड्याशेजारी, उलिसेस बारेरा उभा होता. माफी मागायला आलेला, हातात टोपी, पुढे यायचं धाडस नसलेला. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते ड्वेनला ओळखीचं होतं. कीव केली जातेय की पुन्हा उभं केलं जातंय, हे न कळलेला चेहरा.

अकरा वर्षं कोच हट्टाने काय म्हणत होता, हे ड्वेनला त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळलं. ज्याच्या हातून चेंडू सुटतो, पुढच्या वेळी चेंडू त्यालाच. गुडघा टेकवायला हवा होता असं एकदा जरी म्हटलं, तरी त्याचा अर्थ, त्या मुलाला द्यायला नको होता. कुदर्ना तेवढं म्हणायला तयार नव्हता. किटलीसाठी नाही, गावासाठी नाही.

ड्वेन उठला, मागे गेला आणि बारेराला दंडाला धरून पुढे घेऊन आला. आपल्या खुर्चीत बसवला. समोर चिलीचा वाडगा सरकवला.

"खा," तो म्हणाला. "आणि चेंडू कुठाय तुझा?"

"कोच, हंगाम संपला ना?"

"म्हणून काय झालं?"

मे महिन्यात कॉलेज बंद झालं. बाकं, फळे, पियानो, खानावळीतली भांडी, सगळं लिलावात गेलं. विजेचा गुणफलक कुणी घेतला नाही. किटली तेव्हाही सोकोल हॉलच्या पुढच्या टेबलावरच होती, कारण सोमवारचं जेवण थांबलं नव्हतं. सामने नव्हते, म्हणून कुदर्ना जुन्या फिल्मा दाखवत होता आणि जुन्या पराभवांसाठी नव्याने बोलणी खात होता. अशाच एका सोमवारी मालमत्तेची विल्हेवाट लावणाऱ्यांचा माणूस आला. शहरातला, तरुण, नम्र. म्हणाला, ही किटली कॉलेजची आहे. ती मला न्यावी लागेल.

"न्या की," कुदर्ना म्हणाला. "रीत माहीत आहे ना?"

"कसली रीत?"

"हरवल्याशिवाय न्यायची नाही. अकरा जण आणा. शनिवारी दुपारी. जिंकलात तर मैदानाच्या मधोमध ठेवलेली मिळेल."

त्या माणसाने हॉलमधल्या चेहऱ्यांकडे पाहिलं. कुणी हसत नव्हतं. "पण साहेब, तुमचा संघच नाही आता."

कुदर्नाने टेबलांवरून नजर फिरवली. विल्बर, अग्निशमनवाले, कोलाचेवाल्या बायका, टेबलाचा एक कोपरा एकट्याने अडवून बसलेला श्लेगेल, काखेत चेंडू दाबून डाव्या हाताने जेवणारा बारेरा. शेवटी ड्वेन.

ड्वेनने चमचा खाली ठेवला आणि हात वर केला. तीन बोटं. मग चार.

"तुम्ही तुमचे अकरा बघा," कुदर्ना म्हणाला आणि त्या माणसाला बसायला खुर्ची दिली. "तोवर जेवून घ्या. रोल चिलीत बुडवायचा असतो."